निशी-कासाई : जपानमधले पहिले दहा दिवस

जपानमधली बँक खातं उघडायला तिथला फोन नंबर मागते. फोन कंपनी नंबर द्यायला ओळखपत्रावर तिथला पत्ता मागते. आणि पत्ता ओळखपत्रावर चढतो तो वॉर्ड ऑफिसात, घराची किल्ली हातात आल्यावरच. नोकरीसाठी तोक्योत उतरलेल्या माणसाची पहिल्या आठवड्यातली निम्मी दमछाक ही या तीन दारांपुढे उलट्या क्रमानं उभं राहिल्यामुळे होते. पत्ता, मग फोन, मग बँक, एवढं धरून चाललं की दहाव्या दिवशी माणूस बऱ्यापैकी स्थिरावतो.

हे दहा दिवस निशी-कासाईतले आहेत. तोक्योच्या पूर्व टोकाला एदोगावा वॉर्डात हे स्टेशन १९७९ मध्ये सुरू झालं. २००० च्या आगेमागे, संगणकांच्या तारखांची दुरुस्ती चालू होती तेव्हा, भारतीय इंजिनिअर इथे येऊ लागले. कारण साधं होतं. तोझाई या मेट्रो लाइननं निहोनबाशी, ओतेमाची ही कचेऱ्यांची ठाणी एका गाडीच्या अंतरावर, आणि यूआर या निमसरकारी संस्थेची घरं जवळच. यूआरला जामीनदार लागत नाही, घरमालकाला द्यायचं परत न मिळणारं ‘रेइकिन’ नाही, दलाली नाही. २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक हे मराठीच.

काळ सप्टेंबरअखेरचा धरला आहे, कारण १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर या तारखांना रुजू होणारे खूप असतात. घर कंपनीनं स्वतःच्या नावावर घेऊन ठेवलं आहे असंही धरलं आहे. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी बऱ्याच कंपन्या तसं करतात.

निघण्याआधी

सीओई, म्हणजे व्हिसासाठीचा जपानी पात्रता-दाखला, जारी झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत जपानात दाखल व्हावं लागतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्यापुरतीच न्यावीत. जास्त न्यायची तर आधी परवानगी लागते. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानात बेकायदाच आहे, आणि आपल्याकडच्या सर्दीच्या काही गोळ्यांत ते असतं, तेव्हा पाकिटावरचे घटक वाचूनच पिशवी भरावी.

ताजा कढीपत्ता, आंबे, भाज्या वनस्पती तपासणीच्या सरकारी दाखल्याशिवाय नेता येत नाहीत. डाळ-तांदळालाही तपासणी लागते. ते ओझं नकोच, निशी-कासाईत सगळं मिळतं. न्यावं ते गोडा मसाला, कोकम, मेतकूट आणि सपाट बुडाचा जड तवा. तवा सपाटच का, ते दुसऱ्या दिवशी कळेल.

भारतातलं सिम चालू ठेवून त्यावर रोमिंगमध्ये एसएमएस येतात की नाही हे इथूनच तपासावं. भारतीय बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येणार आहे. कार्डावर परदेशातला वापर ॲपमधून सुरू करून ठेवावा. आणि दीड-दोन महिने पुरतील एवढे पैसे हाताशी असावेत. पगार बहुतेक ठिकाणी २५ तारखेला होतो, पण हिशेब बंद झाल्यावर रुजू झालेल्याचा पहिला पगार पुढच्या महिन्यावर जातो.

दिवस १, मंगळवार : नारिता

इमिग्रेशनच्या खिडकीवर बोटांचे ठसे आणि फोटो घेतात आणि नारितालाच ‘झाइर्यु कार्ड’ हातात देतात. हे राहण्याच्या परवान्याचं कार्ड. खिडकीसमोरून हलण्याआधी त्यावरचं नाव, जन्मतारीख, परवान्याचा प्रकार आणि मुदत वाचावी. चूक असेल तर तिथल्या तिथे सांगणं सोपं, नंतर त्यासाठी इमिग्रेशन ऑफिस गाठावं लागतं. हे कार्ड कायम जवळ बाळगणं कायद्यानं बंधनकारक आहे. पोलिसानं विचारल्यावर जवळ नसेल तर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. कार्डाची मागची बाजू आज कोरी आहे. पुढच्या सगळ्या गोष्टी त्या कोऱ्या जागेवर अवलंबून आहेत.

मोठ्या बॅगा विमानतळावरच ‘ताक्क्युबिन’ कुरिअरला द्याव्यात. सहसा दुसऱ्या दिवशी, आपण सांगितलेल्या वेळेच्या पट्ट्यात, घरी येतात. मोकळ्या हातांनी केइसेइ रेल्वेची ‘ॲक्सेस तोक्क्यु’ गाडी पकडली की सुमारे तासाभरात निहोनबाशी. तिथे तोझाई लाइन. इथे एक चूक नेहमी होते. समोर आलेली ‘काइसोकु’, म्हणजे जलद गाडी, निशी-कासाईला थांबत नाही. तोयोचोनंतर ती थेट उरायासूला, म्हणजे नदीपलीकडे चिबा प्रांतात नेऊन सोडते. पाटीवर ‘लोकल’ लिहिलेली गाडीच घ्यायची. निहोनबाशीपासून सहावं स्टेशन.

गाडीभाडं देण्याचं सुइका कार्ड आयफोनमध्ये घेता येतं. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये मात्र त्यासाठी लागणारी फेलिका यंत्रणा नसते, त्यामुळे प्लास्टिकचं कार्डच घ्यावं, ५०० येन अनामत. रोख रक्कम सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून परदेशी कार्डावर निघते.

पहिली रात्र हॉटेलात काढावी. किल्ली दिवसा मिळते, आणि घरात दिवासुद्धा नसतो.

दिवस २, बुधवार : रिकामं घर

रिकामं म्हणजे अगदी रिकामं. पडदे नाहीत, गॅसची शेगडी नाही, छताला दिवा नाही. छताला असते ती एक चपटी गोल किंवा लांबट खोबण, ‘हिक्काके शिरिंगु’. दुकानातून एलईडीचा छत-दिवा आणायचा, त्याची आकडी खोबणीत घालून फिरवायची, बस्स. वायरमन लागत नाही. पडदे घेण्याआधी खिडकीची रुंदी आणि उंची मोजून न्यावी. मापं ठरावीक असतात आणि १० सेंटिमीटर आखूड पडद्यातून रात्री थंडी येते.

सामान आत आणण्याआधी प्रत्येक भिंतीचा, फरशीचा, ओट्यामागच्या पत्र्याचा फोटो काढून ठेवावा, तारखेसकट. घर सोडताना ‘गेन्जो काइफुकु’, म्हणजे घर होतं तसं करून देणं, या नावाखाली अनामतीतून पैसे कापतात. मराठी स्वयंपाकघराचा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे हळद. फोडणीच्या शिंतोड्यांचे पिवळे डाग वॉलपेपरवरून निघत नाहीत. शेगडीभोवती उभा करायचा ॲल्युमिनियमचा घडीचा आडोसा १०० येनच्या दुकानात मिळतो. पहिली फोडणी घालण्याआधी तो आणावा.

वीज आणि पाणी यांची नोंदणी आधीच नेटवरून किंवा फोनवर झालेली असते, खटका वर केला की वीज सुरू. गॅसचं तसं नाही. गॅस सुरू करायला माणूस घरी येतो आणि त्या वेळी राहणाऱ्यानं हजर असणं सक्तीचं आहे. वेळ किमान आठवडाभर आधी कंपनीच्या एचआरकडून ठरवून घ्यावी, नाहीतर गरम पाण्याविना दोन-तीन दिवस जातात. गॅसवाला दाराशी बूट काढतो, ते नीट जुळवून ठेवतो, गळती तपासतो, गिझरची भिंतीवरची पाटी कशी चालवायची ते हातवाऱ्यांनी दाखवतो आणि अर्ध्या तासात सही घेऊन जातो. त्याच्याकडून एक गोष्ट आवर्जून बघून घ्यावी: मीटर. भूकंप मोठा असला, शिंदो या जपानी मोजपट्टीवर साधारण ५ किंवा वरचा, की मीटर आपोआप गॅस बंद करतं. पुन्हा सुरू करायला आधी घरातल्या शेगडी-गिझरच्या चाव्या बंद करायच्या, मीटरवरचं काळं टोपण काढून आतलं बटण दाबायचं, लाल दिवा लुकलुकू लागतो, मग सुमारे ३ मिनिटं काहीही न वापरता थांबायचं. हे माहीत नसलेली माणसं गॅस गेला म्हणून दिवसभर फोन लावत बसतात.

आता शेगडी. दुकानात तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. एक, गॅसचा प्रकार: शहरी पाइपचा ‘तोशि गासु’ की सिलिंडरचा ‘एलपी’. दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या, अदलाबदल केली तर ज्योत बिघडते आणि धोका असतो. दोन, ओट्यावरच्या जागेची रुंदी. तीन, मोठा बर्नर डावीकडे की उजवीकडे. भिंत ज्या बाजूला, त्याच्या विरुद्ध बाजूला मोठा बर्नर घ्यायचा.

आणि तवा. २००८ पासून जपानी घरगुती शेगड्यांत बर्नरच्या मधोमध उष्णता ओळखणारा एक दांडा असतो. भांड्याचं बूड सुमारे २५० अंशांवर गेलं की तो ज्योत आपोआप बारीक करतो किंवा विझवतो. तेलाच्या आगी टाळण्यासाठी ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे, पण भाकरीचा तवा तापतो न तापतो तोच ज्योत बसते. बऱ्याच शेगड्यांवर ‘जास्त तापमाना’चं बटण असतं. ते ३ सेकंद दाबून धरलं की मर्यादा काही वेळ वर जाते, तेवढ्यात भाकरी होते. गोल बुडाची कढई दांड्यावर नीट टेकत नाही, म्हणून सपाट बूड. थेट ज्योतीवर फुलका फुगवणं किंवा वांगं भाजणं विसरावं. पण शेगडीखाली मासे भाजायचा खण असतो. त्यात वांग्याला तेलाचं बोट लावून, टोचे मारून, मधे एकदा उलटवून भाजलं की भरीत होतं, सालं पडतात आणि ओटा स्वच्छ राहतो. पापडही तिथेच भाजावेत. यात कमीपणा काही नाही, उलट पापड एकसारखा भाजला जातो.

वीज १०० व्होल्टची, पूर्व जपानात ५० हर्ट्झ. भारतातला २३० व्होल्टचा मिक्सर इथे रडत फिरतो आणि चटणी भरडच राहते. ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येतो, पण ७५० वॉटच्या मिक्सरला १००० वॉटच्या वरचा लागतो, आणि तो जड, महाग, गरम होणारा. भारतीय दुकानांत कमी व्होल्टचे मिक्सर मिळतात, ते बरे. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त खोबण दोन चपट्या पट्ट्यांची.

दिवस ३, गुरुवार : वॉर्ड ऑफिस

नव्या घरात राहायला लागल्यापासून १४ दिवसांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो. आगाऊ नोंदवता येत नाही, म्हणजे किल्ली मिळायच्या आधी जाऊन उपयोग नाही. तेव्हा किल्लीच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी दार उघडतानाच जावं. एदोगावा वॉर्डाचं मुख्य कार्यालय दूर आहे, पण कासाई भागासाठी शाखा आहे, तिथेच हे काम होतं.

सोबत पासपोर्ट आणि घरातल्या प्रत्येकाचं झाइर्यु कार्ड. कुटुंब बरोबर असेल तर लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि त्यांचं जपानी भाषांतर. भाषांतर कुणीही केलेलं चालतं, खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव आणि सही हवी. हे नसेल तर बायको-मुलांपुढे नातं म्हणून ‘पत्नी’, ‘मुलगा’ न लिहिता नुसतं ‘नातेवाईक’ अशा अर्थाचा शब्द चढतो आणि पुढे भत्ता, शाळा, विमा अशा प्रत्येक ठिकाणी तो आडवा येतो.

जपानी पत्त्यात रस्त्याचं नाव नसतं. वस्ती, मग ‘चोमे’ म्हणजे वस्तीचा विभाग, मग ‘बान’ म्हणजे ठोकळा, मग ‘गो’ म्हणजे घर, मग इमारत आणि खोली. हे आकडे कंपनीच्या कागदावरून जसेच्या तसे उतरवावेत. खिडकीवरच्या बाई टॅबलेटवर भाषांतर करून प्रश्न विचारतात, आणि अडलं तर पेन्सिलीनं हलकेच लिहून दाखवतात, वरून आपण शाईनं गिरवायचं. इतक्या शांतपणे सरकारी काम होताना पाहून नवा माणूस चकित होतो.

फॉर्मवर एक छोटा रकाना असतो, ‘फुरिगाना’, म्हणजे नावाचा उच्चार जपानी काताकाना लिपीत. या रकान्याकडे दुर्लक्ष होतं, आणि पुढचा सगळा घोळ इथूनच निघतो. काताकानात ळ नाही, ल आणि र एकच, जोडाक्षर बहुधा फुटतं. कुलकर्णींचं ‘कुरुकारुनि’ होतं, गाडगीळांचं ‘गादोगिरु’. व कुणी ‘वा’ लिहितं, कुणी ‘बा’. जोशींचा प्रश्न तर आणखी निराळा. पहिला स्वर ऱ्हस्व ठेवला तर ‘जोशि’ म्हणजे जपानीत मुलगी किंवा स्त्री, दीर्घ केला तर ‘जोऽशि’ म्हणजे ऑफिसातला वरिष्ठ. कोणतं घ्यायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण आज एकदाच ठरवावं, कागदावर लिहून त्याचा फोटो फोनमध्ये ठेवावा, आणि यापुढे प्रत्येक फॉर्मवर तेच, एका काड्यामात्रेचाही फरक न करता, लिहावं. वडिलांचं नाव पासपोर्टात असेल तर तेही, त्याच क्रमानं: आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं.

काम झालं की कार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेवर पत्ता चढतो. लगेच ‘जुमिन्ह्यो’, रहिवासी दाखला, दोन प्रती मागाव्यात, त्यातली एक ‘माय नंबर’ छापलेली. प्रत्येक रहिवाशाला मिळणारा हा १२ आकडी ओळख-नंबर कळवणारं पत्र पोस्टानं दोन-तीन आठवड्यांनी येतं, आणि एचआरला तो पहिल्या दिवशीच हवा असतो. माय नंबर कार्डाचा अर्जही याच भेटीत करून टाकावा. डिसेंबर २०२४ पासून जुनी आरोग्य-विमा कार्डं नव्यानं दिली जात नाहीत. दवाखान्यात हे कार्ड किंवा विमा असल्याचं वेगळं पत्रक दाखवावं लागतं, आणि उपचारांचा ३० टक्के खर्च आपण द्यायचा असतो.

परतीच्या वाटेवर गल्लीत एक गोड, दाट वास येतो आणि फूल कुठे दिसत नाही. तो ‘किन्मोकुसेइ’. काळपट हिरव्या झुडपांत केशरी रंगाची, कोथिंबिरीच्या दाण्याएवढी फुलं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तोक्योभर हा वास असतो आणि एका जोरदार पावसात सगळा सडा खाली येतो.

दिवस ४, शुक्रवार : फोन, मग बँक

सकाळी फोन. पाठीवर पत्ता असलेलं कार्ड, पासपोर्ट, आणि भारतीय क्रेडिट कार्ड चालतं का हे आधी विचारावं. सगळ्या कंपन्या परदेशी कार्ड घेत नाहीत. नुसतं डेटा-सिम स्वस्त दिसतं पण ते घेऊ नये. बँकेला बोलता येणारा नंबर लागतो.

दुपारी बँक. नव्या माणसाला पोस्टाची ‘युचो’ बँक सोयीची, शाखा सगळीकडे. झाइर्यु कार्डावर ३ महिन्यांहून जास्त मुदत शिल्लक हवी. इथे नोकरीचं पत्र बरोबर न्यायला विसरू नये, आणि त्याचं कारण कळून घेण्यासारखं आहे. परकीय चलनाच्या नियमांनुसार जपानात ६ महिने न झालेला परदेशी माणूस ‘अनिवासी’ धरतात आणि त्याच्या खात्यावर बंधनं येतात. पण जपानातल्या कचेरीत नोकरी करणारा पहिल्या दिवसापासून निवासीच असतो. काउंटरवरच्या माणसानं पासपोर्टातल्या प्रवेशाच्या शिक्क्याची तारीख पाहून नकार दिला, तर शांतपणे नोकरीचं पत्र पुढे करावं.

सहीऐवजी मारायचा नावाचा शिक्का, ‘हान्को’, हवाच असं आता राहिलेलं नाही, बऱ्याच ठिकाणी सही चालते. सहीही मग पासपोर्टातलीच करावी.

खात्याचं नाव काताकानात नोंदलं जातं, आणि जपानी बँका आपसात पैसे पाठवताना खाते क्रमांकाबरोबर हे काताकाना नाव जुळवतात. कंपनीच्या पगारपत्रकात ‘जोशि’ आणि बँकेत ‘जोऽशि’ असेल तर पगार परत जातो. पहिला पगार अडकण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. म्हणून खातं उघडताना फोनमधला तो फोटो काढून समोर ठेवायचा. पासबुकाच्या आतल्या पानावर काताकाना नाव छापलेलं असतं, त्याचाही फोटो घेऊन एचआरला तसाच पाठवायचा. हातानं उतरवून पाठवू नये. भारतात पैसे पाठवायचे तर बँक माय नंबरही मागते.

दिवस ५ आणि ६ : बाजार आणि शेजार

शनिवारी भारतीय दुकानांत आटा, तूरडाळ, पोहे, मोहरी, हिंग सगळं मिळतं. भाव अर्थातच चढे, पण पिशवी मोठी घेतली की किलोमागे बराच फरक पडतो. भाजी मात्र जपानी दुकानातूनच घ्यावी. भेंडीला ‘ओकुरा’ म्हणतात, जाळीच्या पिशवीत आठ-दहा, कोवळी, पण इतकी थोडी की चिरायला घेतली की संपतेच. ‘काबोचा’ हा हिरव्या सालीचा भोपळा: गोड, कोरडा, घारग्यांना उत्तम. ‘सातोइमो’ म्हणजे आपली अळकुडी. ‘दाइकोन’ हा हातभर लांब मुळा, तिखटपणा कमी, किसून थालीपिठात घालावा. थंडी पडू लागली की सुपरमार्केटच्या दाराशी गरम दगडांवर ‘याकि-इमो’, भाजलेली रताळी, ठेवलेली असतात. तेल नाही, मीठ नाही, सालीला मधासारखा चीक सुटलेला. नवरात्राच्या उपासाला यासारखं काही नाही.

शाकाहाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: मांस दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी नसतो. ‘दाशि’ हा बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क मिसो सूप, सोबाचा रस्सा, सॅलडवरचा रस, वेफर्स, कशातही असतो. भाताच्या त्रिकोणी ‘ओनिगिरि’त ‘उमे’ (खारवलेलं आंबट फळ) किंवा ‘कोन्बु’ (समुद्री शेवाळ) लिहिलं असलं तरी त्यात माशाचा अर्क निघू शकतो. भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा लेबलावर धरावा, आणि मांस, डुक्कर, गाय, कोंबडी, मासा, जिलेटिन या सहा शब्दांची जपानी अक्षरं फोटो करून ठेवावीत. दोन आठवड्यांत ती नजरेला ओळखू येतात.

रविवारी दुपारी शेजारी. नव्यानं राहायला आलेल्यानं दोन्ही बाजूंच्या, वरच्या आणि खालच्या घरी जाऊन नाव सांगायचं आणि छोटी भेट द्यायची रीत आहे: ५०० ते १००० येनचा टॉवेल किंवा बिस्किटांचा डबा. घरी केलेलं खाणं देऊ नये, अनोळखी माणसाला ते संकोचाचं वाटतं. शहरातल्या इमारतींत ही रीत कमी होत चालली आहे, तरी भारतीय कुटुंबानं ती जरूर पाळावी असं माझं मत आहे. कारण भिंती पातळ आहेत. रात्री दहानंतरचा मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, टाचा आपटत चालणं खाली ऐकू जातं. ज्याला चेहरा आणि नाव माहीत आहे तो शेजारी आधी आपल्याशी बोलतो, ज्याला माहीत नाही तो व्यवस्थापनाकडे तक्रार करतो.

भारताशी फरक साडेतीन तासांचा. इथले रात्रीचे साडेदहा म्हणजे घरी संध्याकाळचे सात.

दिवस ७, सोमवार : गाडी आणि ऑफिस

तोझाई लाइनच्या सकाळच्या गर्दीची जपानभर ख्याती आहे. २०१९ च्या सरकारी मोजणीत किबा ते मोन्झेन-नाकाचो हा टप्पा गाडीच्या क्षमतेच्या १९९ टक्क्यांवर होता. मुंबईकराला हा आकडा घाबरवणार नाही, पण इथली गर्दी मुकी असते. फोनवर बोलायचं नाही, पाठीवरची सॅक पोटाशी घ्यायची, दाराशी उभे असलो तर स्टेशनवर खाली उतरून वाट द्यायची आणि पुन्हा चढायचं. सकाळी महिलांसाठी राखीव डबा असतो. गाडी उशिरा आली तर स्टेशनवर ‘चिएन शोमेइशो’, उशिराचा दाखला, मिळतो. तो ऑफिसात दिला की उशीर माफ होतो.

ऑफिसात पहिला दिवस कागदांचा: माय नंबर, खात्याचा फोटो, रोजचा मार्ग. मार्ग मंजूर झाला की ‘तेइकि’, प्रवासाचा पास, काढावा. खर्च बहुधा कंपनी देते. भारतीय कंपनीनं पाठवलेलं असेल तर भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचा दाखला लगेच द्यावा. १ ऑक्टोबर २०१६ पासून दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार आहे आणि त्या दाखल्यावर जपानी पेन्शनची कपात टळते. थेट जपानी नोकरी असेल तर कपात होणारच. पहिल्या वर्षी ‘जुमिनझेइ’, रहिवासी कर, लागत नाही, कारण तो आदल्या वर्षीच्या मिळकतीवर असतो. पण पुढे एका जूनपासून तो सुमारे १० टक्क्यांनी कापायला लागतात आणि हातात येणारा पगार एकदम उतरतो. घराचा हप्ता ठरवताना हे धरावं.

दिवस ८ आणि ९ : कचरा, भूकंप, पूर

फ्रिज, शेगडी, पडदे आले, आता खोक्यांचा ढीग. पुठ्ठा चपटा करून दोरीनं बांधायचा, तो ‘शिगेन’च्या म्हणजे पुनर्वापराच्या दिवशी. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून दोनदा, सगळा त्याच दिवशी सकाळी आठच्या आत. आदल्या रात्री नाही, कावळे पिशव्या फाडतात. बाटलीचं झाकण आणि लेबल काढायचं, बाटली विसळायची. प्रत्येक वॉर्डाचे नियम वेगळे, म्हणून दुसऱ्या वॉर्डातल्या मित्राचं ऐकू नये. ३० सेंटिमीटरहून मोठी वस्तू ‘सोदाइ गोमि’: आधी नोंदणी, मग दुकानातून २०० किंवा ३०० येनचं स्टिकर आणून वस्तूवर चिकटवायचं. पुऱ्या तळून उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही. ते घट्ट करणारी पूड गरम तेलात घालावी, थंड झालं की वडीसारखं निघतं, ती वडी जळणाऱ्या कचऱ्यात. इमारतीचे ‘कानरिनिन-सान’, देखभाल करणारे वयस्क गृहस्थ, सकाळी पानं झाडत तिथेच असतात. पिशवी चुकली की रागावत नाहीत, हातानं योग्य जागा दाखवतात. त्यांना रोज ‘ओहायो गोझाइमासु’ म्हणावं. घरात काही बिघडलं की पहिला धावून येणारा हाच माणूस.

भूकंपाची शिंदो ही मोजपट्टी आपण उभे आहोत तिथला हादरा सांगते. परदेशात घेतलेल्या फोनवर सूचना येईलच असं नाही, म्हणून ‘सेफ्टी टिप्स’ हे ॲप घ्यावं. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि आग ११९.

पण या वॉर्डात भूकंपाइतकाच पुराचा विचार करावा लागतो, आणि नव्यांना हे कुणी सांगत नाही. एदोगावाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या वेळच्या समुद्रपातळीच्या खाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डानं घरोघर दिलेल्या पुराच्या नकाशावर वॉर्डाच्याच भागावर लिहिलं होतं: इथे थांबू नका. मोठ्या पुरात पाणी आठवडा-दोन आठवडे किंवा अधिक साचून राहू शकतं, म्हणून वरच्या मजल्यावर बसून राहणं पुरेसं नाही. वादळ येण्याआधी, गाड्या चालू आहेत तोवर, वॉर्डाबाहेर जायचं. सप्टेंबर-ऑक्टोबर हा वादळांचाच काळ. नकाशा आणावा, इमारतीवर बोट ठेवावं, आणि पश्चिमेच्या उंच भागात कुणाकडे जायचं हे आजच ठरवावं. घरात माणशी रोज ३ लिटर पाणी, निदान तीन दिवसांचं.

दिवस १०, गुरुवार : टपालपेटी

संध्याकाळी टपालपेटीत एक चिठ्ठी असते, ‘फुझाइह्यो’: तुम्ही घरी नव्हता, पाकीट परत नेलं आहे. तिच्यावरचा कोड स्कॅन करून रात्री सात ते नऊचा पट्टा निवडला की पोस्टमन पुन्हा येतो. पेटीवर काताकानात आणि रोमन लिपीत नाव चिकटवलेलं नसेल तर ही चिठ्ठीही येत नाही. कॅश कार्ड म्हणजे एटीएमचं कार्ड, माय नंबरचं पत्र अशी नोंदणीची टपालं पेटीवर नाव दिसलं नाही की परत पाठवणाऱ्याकडे जातात. घर कंपनीच्या नावावर असेल तेव्हा तर हे हमखास होतं. नावाची पट्टी खरं म्हणजे दुसऱ्या दिवशीच लावायची.

पोस्टमन दाराशी येतो, झाइर्यु कार्डावरचं नाव आणि मागचा पत्ता पाहतो, सही घेतो, वाकून जातो. पाकिटात बँकेचं कॅश कार्ड. त्यावरचं नाव आधी वाचावं, मग फोनमधल्या फोटोशी जुळवावं, आणि जुळलं की विजेचं, गॅसचं, पाण्याचं बिल या खात्यातून परस्पर वळतं करायचे फॉर्म त्याच रात्री भरून टाकावेत.